जिथं जोड, तिथं रोग

जुईनगरमध्ये खिडकीला ग्रील असते आणि ग्रीलला गंज असतो. दर दिवाळीच्या आधी रंगारी येतात, पॉलिश पेपरने घासतात, रेड ऑक्साइडचा एक हात मारतात आणि वर रंगाचे दोन हात देतात. पुढचा पावसाळा सरेपर्यंत त्याच कोपऱ्यात, आडवी पट्टी उभ्या पट्टीला जिथे वेल्ड केलेली असते तिथेच, तपकिरी फोड पुन्हा उठलेले दिसतात. एका वर्षी मी आमच्या रंगारीकाकांना विचारलं, सगळी पट्टी एकाच लोखंडाची, मग गंज तेवढ्याच जागी का? काका खरवडत खरवडतच म्हणाले, "सपाट पट्टीला काही होत नाही बघा. जिथं जोड, तिथं रोग."

तेव्हापासून उघड्यावरच्या शिल्पाकडे बघायची माझी पद्धत बदलली. पूर्वी मी आधी चेहरा बघायचो, आता पाय बघतो.

बघायला फार लांब जावं लागत नाही. जुईनगरहून पश्चिमेला पाम बीच मार्गावर आलं की एका हाताला शहर आणि दुसऱ्या हाताला तिवरं, त्यांच्यापलीकडे खाडी. दक्षिणेकडे चालत राहिलं की नेरूळचा 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'चा तलाव लागतो. सकाळी चालायला येणाऱ्यांची तिथे गर्दी असते. हा तलाव मुळात शोभेसाठी खोदलेला नाही. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खालच्या, भराव घातलेल्या जमिनीवर वसला आहे. जोराची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर शहरातलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. ते काही तास थोपवून धरायला हॉलंडच्या धर्तीवर असे धारण तलाव आखले गेले. भरती चढली की झडपा मिटतात, ओहोटी लागली की उघडतात. म्हणजे आपण ज्याच्या काठाने फिरतो ते शहराचं पूर थोपवणारं यंत्र आहे. त्याच्या काठी आणि आसपासच्या चौकांत आज फ्लेमिंगोंची शिल्पं उभी आहेत, काही तर भंगारातल्या लोखंडापासून घडवलेली.

फ्लेमिंगोचंच शिल्प का, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला हे पक्षी ठाण्याच्या खाडीत उतरतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात. खाडीचा पश्चिम काठ ऑगस्ट २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शहराने आपली खूण म्हणून हा पक्षी निवडला यात नवल नाही. पण शिल्पकाराच्या बाजूने पाहिलं तर यापेक्षा अवघड विषय शोधून सापडणार नाही. वर जड धड, लांब वळणदार मान आणि खाली काठीसारखे दोन पाय, कधी तर एकच.

खरा पक्षी हे कसं साधतो, याचा एक सुंदर अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या यंग-हुई चँग आणि लीना टिंग या संशोधकांनी मेलेल्या फ्लेमिंगोंची शरीरं घेऊन पाहिलं. ती एका पायावर, जिवंत पक्ष्याच्या ढबीत उभी केली तर स्नायूंचा काही जोर नसतानाही उभी राहत होती. दोन पायांवर उभी करायला गेलं की हा तोल साधत नव्हता. धड किंचित पुढे झुकतं, पाय शरीराच्या मध्यरेषेखाली येतो आणि वजनच सांध्यांना जागच्या जागी अडकवून ठेवतं. आपल्याला त्याचा गुडघा वाटतो तो खरा तर घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. पक्षी झोपतो तेव्हा त्याला उभं राहण्यासाठी जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत.

लोखंडी फ्लेमिंगोला ही सोय नाही. त्याचा पाय जमिनीवर संपत नाही, जमिनीखाली जातो. तिथे काँक्रीटच्या ठोकळ्यात पुरलेले बोल्ट असतात, त्यांवर जाड पोलादी पाटी आणि पाटीला वेल्ड केलेला पायाचा नळ. आपण वर बघून वाहवा करतो, पण सगळं शिल्प त्या चार-सहा बोल्टांच्या भरवशावर उभं असतं. आणि त्या बोल्टांचं मुख्य काम वजन पेलणं नसून वाऱ्याला तोंड देणं असतं.

वाऱ्याचं गणित एकदा समजून घेण्यासारखं आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. आपल्याकडच्या आयएस ८७५ या मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. एवढा वारा सपाट पृष्ठभागावर सरळ आदळला तर दर चौरस मीटरला साधारण ११८ किलोचा रेटा बसतो. पसरलेल्या पंखांचं किंवा फडफडत्या शेल्याचं शिल्प हे वाऱ्याच्या लेखी शीड असतं. शीड जितकं उंच, तितका पायथ्याशी ते उपटणारा जोर जास्त. शिवाय वारा एकसारखा रेटत नाही, झोत येतो आणि जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा जोड हळूहळू थकतो. पातळ पायांची शिल्पं म्हणूनच बहुधा आतून पोलादी कण्याची असतात आणि बाहेर दिसतो तो पत्रा नुसता अंगरखा असतो.

आता मीठ.

पावसाळ्यात मिठाची बरणी ओली होते, म्हणून आपल्या घरात मिठात तांदळाचे दाणे टाकायची पद्धत आहे. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास असली तरी ओलावतं. त्यामुळे पेण-उरणकडच्या आगराचं खडं मीठ बारमाही दमट लागतं. हेच मीठ खाऱ्या वाऱ्याबरोबर उडत येऊन शिल्पावर बसलं, की उन्हाळ्याच्या कोरड्या वाटणाऱ्या रात्रीही धातूवर ओलाव्याचा अदृश्य पापुद्रा राहतो. गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. मीठ त्या पाण्याला घरी मुक्कामाला आणतं. वर त्यातला क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर भोसकून आत शिरतो.

यातून एक गोष्ट अशी निघते की ती ऐकताना खोटी वाटते. शिल्पाचा पावसात भिजणारा माथा कमी गंजतो आणि पोट जास्त. माथ्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. पोटाखाली, पंखांच्या आतल्या बाजूला, मानेच्या वळणाखाली पाऊस पोचत नाही, खारा वारा मात्र पोचतो. आपल्याकडे ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाऊस जवळजवळ नसतोच. म्हणजे आठ महिने मीठ साचत राहतं. उघड्यावरचं शिल्प पाहायला गेलात तर एकदा वाकून त्याच्या पोटाखाली बघा. त्याची तब्येत तिथे कळते.

जुईनगर पट्ट्याची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. मरीन ड्राइव्हवर लाटा फुटतात आणि तुषार थेट रस्त्यावर येतात. खाडीत तशा लाटा नाहीत, त्यामुळे मीठ त्या मानाने कमी उडतं. पण तिवरांच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. ओहोटीला येणारा सडक्या अंड्यासारखा वास याचाच. चांदी आणि तांबं त्याने काळं पडतं. दुसऱ्या बाजूला महामार्गापलीकडे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे. दिवसा वारा खाडीवरून येतो, तर हिवाळ्याच्या पहाटे जमिनीकडून. धातूच्या दृष्टीने आपण दोन चुलींच्या मधोमध बसलो आहोत. इथे शिल्प उभं करणाऱ्याने सुरुवात याच हिशेबापासून करायला हवी असं मला मनापासून वाटतं. पुण्यात किंवा नाशकात चाललेला नमुना इथे जसाच्या तसा चालेलच असं नाही.

मग जोडातच रोग का? त्याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे फट. जोडाच्या बारीक फटीत खारं पाणी शिरतं आणि वाळत नाही. आतला प्राणवायू संपतो, बाहेर भरपूर असतो, आणि या फरकामुळेच आतलं लोखंड झपाट्याने विरघळू लागतं. दुसरं कारण अधिक कपटी आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की त्यांची बॅटरी होते. त्यात एक धातू वाचतो आणि दुसरा खर्ची पडतो. तांबं किंवा ब्रॉन्झ लोखंडाला टेकलं तर लोखंड जातं, लोखंड जस्ताला टेकलं तर जस्त जातं. बोटवाले ही खोड आपल्या कामी लावतात. बोटीच्या बुडाला जस्ताचे ठोकळे ठोकतात, ते ठोकळे झिजतात आणि बूड वाचतं. शिल्पात मात्र नकळत उलट घडतं. बाहेर महागडं ब्रॉन्झ, आत साधं लोखंड, आणि आत चाललेलं कुणाला दिसत नाही.

जगातला सर्वांत प्रसिद्ध किनारी पुतळा याच दुखण्याने आजारी पडला होता. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ सालचा. त्याची कातडी जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याची आणि आत लोखंडाच्या पट्ट्यांचा सांगाडा. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये लाखेत भिजवलेल्या अॅस्बेस्टॉसचा थर दिला होता. म्हणजे बनवणाऱ्यांना धोका ठाऊक होता. पण काळाच्या ओघात तो थर झिजला, खारी ओल आत राहिली, पट्ट्या गंजून फुगल्या आणि फुगताना त्यांनी तांब्यातले रिव्हेट उपटून काढले. १९८४ ते १९८६ या काळातल्या दुरुस्तीत अठराशेहून जास्त पट्ट्या एकेक करून बदलल्या गेल्या. नव्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या आणि मध्ये टेफ्लॉन घातलं.

आपल्याकडचं उदाहरण मनाला फार लागणारं आहे. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. ज्या राजाने समोरच्या कुरटे बेटावर १६६४मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याची मूर्ती त्याच्याच दर्यासमोर आडवी पडलेली पाहताना महाराष्ट्रात कुणाच्या घशाखाली घास उतरला नसेल. वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता, असं तेव्हा सरकारकडून सांगण्यात आलं. वरच्याच सूत्राने हिशेब केला तर तेवढ्या वाऱ्याचा रेटा दर चौरस मीटरला दहा किलोच्याही आतच भरतो. किनाऱ्यावरच्या बांधकामाला तो झुळकीसारखा. पुतळा पडण्याच्या आठवडाभर आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्र पाठवून नट-बोल्ट गंजल्याचं कळवलं होतं. रंगारीकाकांचं वाक्य मला त्या दिवशी आठवल्यावाचून राहिलं नाही.

सिंधुदुर्गाच्या पायाचे चिरे शिसं ओतून बसवल्याचं परंपरा सांगते. शिसं खाऱ्या पाण्यात टिकतं आणि मऊ असल्यामुळे जोडाची फट भरून टाकतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना क्लोराइड हा शब्द माहीत नव्हता, पण जोडात काय भरायचं ते माहीत होतं. २०२५च्या मे महिन्यात राजकोटवर ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार यांच्याकडून घडवून घेतलेला ६० फुटी नवा पुतळा उभा राहिला. त्याच्या निविदेत शंभर वर्षांची हमी आणि दहा वर्षांच्या देखभालीची अट घातली गेली. मला या शंभरापेक्षा दहाचा आकडा मोलाचा वाटतो. किनाऱ्यावर शिल्प उभं राहतं त्या दिवशी त्याचं निम्मंच काम झालेलं असतं. उरलेलं निम्मं दर वर्षी करावं लागतं आणि त्याला ना फीत असते, ना पाटी.

ते काम काय असतं? ऐकायला फार साधं आहे. गोड्या पाण्याने धुणं, विशेषतः पाऊस पोचत नाही त्या जागा. ब्रॉन्झवर मेणाचा पातळ हात देणं. पायथ्याचे बोल्ट उघडून पाहणं. शिल्पाच्या आत साचलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून खाली ठेवलेली बारीक भोकं बुजली नाहीत ना, हे तपासणं. स्टेनलेस स्टील वापरलं म्हणून निश्चिंत होता येत नाही. साधं ३०४ जातीचं स्टेनलेस समुद्राकाठी चहाच्या डागासारखं तपकिरी पडतं. ३१६ जातीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते खाऱ्या हवेला जास्त पुरतं. काँक्रीटच्या शिल्पात आतली सळई पृष्ठभागापासून किती खोल आहे त्यावर सगळं ठरतं. आयएस ४५६ नुसार किनारी हवेत सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीट हवं आणि समुद्राचे तुषार लागत असतील तर ५०. सळई गंजली की गंज लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि वरचं काँक्रीट आतून फोडतो. आपल्या इमारतींच्या गॅलऱ्यांना पडतात त्या भेगा याच. चौकाचौकांतले फायबरचे पुतळे गंजत नाहीत, पण ऊन त्यांची साय काढतं. वरचा थर खडूसारखा होतो आणि हात लावला की पांढरी भुकटी लागते.

ब्रॉन्झची गोष्ट मात्र वेगळी. पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं आणि भांड्याला हिरवट जंगाल चढतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. म्हणून तर कल्हई. ब्रॉन्झ म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील, आजच्या ओतकामात जोडीला थोडं जस्त आणि शिसंही. हवेत ते आधी तपकिरी होतं, मग काळपट आणि सावकाश हिरवं. हा थर घट्ट बसला तर आतल्या धातूचं कवच बनतो. पण त्यात क्लोराइड अडकला तर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उठतात. ओल मिळाली की तिथे आम्ल तयार होतं, ते आणखी धातू खातं, त्यातून पुन्हा तेच. जाणकार याला ब्रॉन्झचा आजार म्हणतात. हिरवा रंग दिसला की ब्रश घेऊन चकचकीत करायला जाणारे हात चांगल्या हेतूने कवचच काढून टाकतात. एकसारखा, गुळगुळीत हिरवा असेल तर हात लावू नये. भुकटी सुटत असेल तर जाणकाराला बोलवावं.

गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा भाऊ साठे यांचा. २६ जानेवारी १९६१ पासून तो खाऱ्या वाऱ्यात उभा आहे. गेटवेला गेल्यावर बहुतेकजण कमानीकडे आणि लाँचकडे पाहतात. एकदा घोड्याच्या पायांपाशी थांबून बघा, साठ-पासष्ट पावसाळ्यांनंतरही ते कसे रोवलेले आहेत ते. चांगल्या ओतकामात पत्रा सर्वत्र सारख्या जाडीचा राहतो, जोड मोजके राहतात आणि ते आतून नीट भरलेले असतात. कल्याणच्या या शिल्पकाराचं शिल्पालय डोंबिवलीत आहे.

जोडाचा विचार शेवटपर्यंत नेणारा एक मराठी शिल्पकार होऊन गेला. नानासाहेब करमरकर, जन्म १८९१, गाव अलिबागजवळचं सासवने. पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला त्यांचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा १९२८ सालचा. एवढा मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांत ओतून मग जोडायचा ही रीत. त्यांनी तो माझगाव गोदीत एकसंध ओतला. वितळलेला धातू साच्यात एकदाच सोडायचा आणि चुकलं तर सगळं वाया. घोड्याच्या खुरांपासून महाराजांच्या मस्तकापर्यंत एकच ओतीव. या धाडसाची कल्पना मला तरी अजून पूर्ण पेलत नाही.

करमरकरांचं सासवन्यातलं घर आज शिल्पालय आहे. किनाऱ्याकाठी शिल्पं पाहायची असतील तर नवी मुंबईकरांसाठी यापेक्षा चांगली सहल नाही. भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेहून मांडवा आणि तिथून थोडं पुढे सासवने. नारळी-पोफळीच्या सावलीतलं घर आणि तिथे बसलेली त्यांची म्हैस, जी पाहून पहिल्या नजरेला कुणीही फसतं. करमरकर परदेशात जाऊन आले, मोठमोठ्या लोकांचे पुतळे त्यांनी केले, पण या घरात भेटतात ती गावची माणसं आणि गुरं. इथे एक गोष्ट ध्यानात येते. चौकातलं शिल्प आपल्याला मान वर करायला लावतं, सासवन्यातलं शिल्प आपल्याच उंचीवर असतं. समुद्राकाठी पाठीमागे मोकळं आभाळ आणि आडवी क्षितिजरेषा असते, तिच्यापुढे कितीही उंच पुतळा छोटाच दिसतो. माणसाच्या मापाचं शिल्प मात्र तिथे हरवत नाही, कारण त्याला मोजायला शेजारी माणूस असतो.

प्रकाशाचंही तसंच. आपला किनारा पश्चिमेकडे बघतो. संध्याकाळी फिरायला जावं तर सूर्य शिल्पाच्या मागे असतो आणि शिल्पाची नुसती काळी आकृती उरते. चेहऱ्यावरचे भाव, वस्त्राच्या चुण्या सगळं गडप. बाह्यरेषा ज्याची बोलकी, तेच शिल्प तेव्हा जिवंत राहतं. फ्लेमिंगोची मान म्हणूनच संध्याकाळी पाम बीचवर इतकी शोभते. तपशील पाहायचा तर सकाळी सातला जावं, तेव्हा शहराकडून तिरकं ऊन येतं आणि पृष्ठभागाचा प्रत्येक चढ-उतार सावली टाकतो.

ज्यात जोडच नाही असं शिल्प म्हणजे लेणं. नवी मुंबईच्या किनाऱ्यासमोर, बंदरात, घारापुरीचं बेट आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराची तिथली सदाशिवाची त्रिमुख मूर्ती साडेपाच मीटरच्या आसपास उंच आहे आणि ती डोंगरापासून कधी वेगळीच झालेली नाही. तिला बोल्ट नाही, पायथ्याची पाटी नाही, अंगरखा नाही. बेसॉल्टमध्ये छिद्रं कमी म्हणून मीठही त्यात सहजी शिरत नाही. शिरतं तिथे मात्र स्फटिक वाढून दगडाचे कण सुटतात. याच बेटावर एक दगडी हत्ती होता, ज्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. त्याला १८६४ साली इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४मध्ये पुन्हा जुळवले गेले. आज तो हत्ती भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. शेकडो वर्षं एकसंध राहिलेल्या प्राण्याला जोड दिले ते आपण. बोरिवलीजवळ एकसरला शिलाहार काळातले वीरगळ आहेत, त्यांवर वल्ही मारणाऱ्या युद्धनौकांच्या रांगा कोरल्या आहेत. खाऱ्या वाऱ्यात उभं राहून समुद्रावरची लढाई सांगणारी शिल्पं मुंबईत आठशे वर्षांपासून आहेत, आणि आपल्यातल्या किती जणांनी ती पाहिली आहेत?

पण सगळीच शिल्पं टिकण्यासाठी घडवावीत का? ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये बाँडाय ते तामारामा या सुमारे दोन किलोमीटरच्या कड्यावरच्या पायवाटेवर १९९७ साली डेव्हिड हँडली यांनी 'स्कल्प्चर बाय द सी' हे प्रदर्शन सुरू केलं. शंभरावर शिल्पं तीन-एक आठवडे वाटेच्या कडेला, खडकांवर, पुळणीवर मांडतात. तिकीट नाही. २०१४ साली एका कलाकाराने किनाऱ्यावर अवाढव्य तवा ठेवला होता, उन्हात भाजून निघणाऱ्या देशाचं चित्र म्हणून. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर अँटनी गॉर्म्ली यांनी स्वतःच्या शरीरावरून ओतलेल्या शंभर बिडाच्या माणसांचा अनुभव वेगळाच. प्रत्येकी ६५० किलो वजनाच्या या आकृती तीनेक किलोमीटरवर विखुरलेल्या आहेत, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. भरती आली की बुडतात, ओहोटीला वर येतात. त्यांना गंज चढतो, बार्नेकलसारखे सागरी जीव चिकटतात, आणि ते तसंच अपेक्षित आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कोकणाने समुद्राकाठी दोन्ही टोकं जपली आहेत. एकीकडे घारापुरी, दीड हजार वर्षं. दुसरीकडे शाडूचा गणपती, दीड दिवस. तोही शिल्पच, तितक्याच जिवाने घडवलेला, आणि पाण्यात विरघळावा म्हणूनच कच्च्या मातीचा. गोव्यातले सुबोध केरकर होडी, शिंपले, वाळू घेऊन समुद्रकिनाऱ्यावर रचना करत आले आहेत, आणि त्यांत भरती-ओहोटीचाही वाटा असतो. अवघड असतं ते मधलंच. टिकावं म्हणून उभं करायचं आणि टिकवायची तयारी ठेवायची नाही.

म्हणून मला पाम बीचच्या काठाने एक हंगामी प्रदर्शन व्हावं असं फार वाटतं. दिवाळीनंतर मांडावं आणि होळीपर्यंत काढून घ्यावं. बांबू, जुनी जाळी, होड्यांच्या फळ्या, कापड हेच साहित्य. पावसाळ्याशी झगडायचंच नसल्याने बोल्टांचा खर्च वाचेल, आणि जुई, सारसोळे, करावे या मूळ गावांतल्या आगरी-कोळी कारागिरांचं जाळी विणण्याचं, होडी बांधण्याचं कसब पहिल्यांदा शिल्प म्हणून पाहिलं जाईल. एक अट मात्र कडक हवी. हाच फ्लेमिंगोंचा हंगाम आहे. तेव्हा रात्री दिवे नकोत, वर उडणारं काही नको, आणि खाडीच्या बाजूला एकही खांब नको. २०२४मध्ये याच पट्ट्यात फ्लेमिंगो मेलेले आढळले, त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर विमानाची धडक बसून एका थव्यातले ३९ पक्षी गेले. ज्यांचं शिल्प करायचं त्यांनाच त्रास देऊन कसं चालेल.

परवा पुन्हा तलावावर गेलो. सकाळचं ऊन नुकतं आलं होतं. महापालिकेचा एक सफाई कामगार पाइप घेऊन रस्त्याकडेची झाडं धूत होता. मी त्याला विचारलं, दादा, या शिल्पालाही थोडं पाणी मारता का? त्याने वरून खाली पाणी सोडलं. मी म्हटलं, खालून मारा, पोटाखाली. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग पाइप खाली घेऊन पाण्याची धार वर सोडली. पोटाखालून आधी तांबूस पाणी गळलं, मग गढूळ, मग स्वच्छ.